यज्ञेश्वरभटांनी अडवलेला पाऊस

पंचांगात ऋतू सहा असतात, आणि नारायण पेठेतल्या यज्ञेश्वरभटांच्या मते ते सहाही त्यांच्यावर डूख धरून होते. ग्रीष्मात त्यांच्या पाठीवर घामोळं उठे, शरदात पित्त खवळे, हेमंतात टाचा फुटत आणि शिशिरात खोकला सुटे. वसंताविरुद्ध त्यांची तक्रार एवढीच, की त्या दिवसांत लग्नामुंजींची जेवणं फार होतात आणि नाही म्हणवत नाही. पावसाळ्याबद्दल मात्र ते जपून बोलत. ज्याच्यावर आपला भात शिजतो त्याला उघडपणे नावं ठेवू नयेत, एवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

ही सवाई माधवरावांच्या अमदानीतली गोष्ट. नदीच्या अंगाला एका गल्लीत एक लहानसं महादेवाचं देऊळ होतं. ते दफ्तरातल्या श्रीधरपंत कारकुनांच्या आजोबांनी बांधलेलं होतं आणि पूजाअर्चा यज्ञेश्वरभटांकडे होती. पाऊस लांबला की पेठेतले लोक या देवळाकडे धाव घेत आणि महादेव कोंडत. कोंडायचा म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायचं भोक फडक्याच्या बोळ्यानं आणि शेणमातीनं बुजवायचं, मग ब्राह्मणांनी रांगेनं नदीचं पाणी आणून आत ओतत राहायचं, पिंड पार बुडेपर्यंत. देवाच्या नाकातोंडात पाणी गेलं की तो घाबरून पाऊस पाडतो, असा त्यामागचा विचार. पाऊस पडला की वाजतगाजत जाऊन बोळा काढायचा आणि देवाला मोकळं करायचं. सावकार दारात धरणं धरून बसतो त्यातलाच हा प्रकार, फक्त संस्कृतात.

आता पुण्याचा पाऊस पहिल्यापासून मानी. सिंहगडापर्यंत येतो, तिथे टेकतो, लांबून शहराकडे बघतो आणि मनात आलं तर आल्या वाटेनं परत जातो. आलाच तर भुरभुर. धड भिजवत नाही आणि धड वाळूही देत नाही. दोरीवरचं सोवळं श्रावणभर ओलंच राहतं आणि अवघी ब्राह्मणमंडळी ओलेत्यानं पूजा करत शिंकत असतात. यज्ञेश्वरभटांचे वडील कोकणातून घाट चढून आले होते. ते मरेपर्यंत पुण्याच्या पावसाला पाऊस म्हणाले नाहीत. "कोणी तरी वर धोतर पिळतोय," असं म्हणत आणि घरात जाऊन पडत.

त्या वडिलांनीच बांधलेलं घर. दोन खोल्या, ओटी, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून देवघर, कडेला न्हाणीघर आणि वर नळीची कौलं. घरात माणसं दोनच, यज्ञेश्वरभट आणि त्यांचं कुटुंब वेणूबाई. नळीची कौलं दरवर्षी पावसाआधी उतरवून, झाडून, फुटकी काढून पुन्हा बसवावी लागतात, कारण वर्षभर त्यांच्यावरून मांजरं आणि माकडं आपापले संसार नेत असतात. या शाकारणीसाठी वैशाखात बिबवेवाडीहून भैरू नावाचा कुणबी येई. हात चांगला, तोंड तिखट. एकदा वर चढला की जेवायलाच खाली उतरे.

भैरू वर असताना यज्ञेश्वरभट देवळात असत. हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं होतं आणि त्यात सगळ्यांचं भलं होतं. त्या वर्षी मात्र भटजी आपली तपकिरीची डबी विसरले. ती घ्यायला भर सकाळी घरी परतले, सहज वर पाहिलं आणि जागीच थबकले. भैरू बरोब्बर देवघरावर उभा होता. देवघरावरची आणि स्वयंपाकघरावरची कौलं उतरवून झाली होती, आणि वाशांमधून खाली देव दिसत होते, वर भैरूचे पाय.

"अरे मेल्या, देवाच्या डोक्यावर पाय देतोस?" यज्ञेश्वरभट ओरडले.

"दर सालाला देतोय," भैरू वरून म्हणाला. "द्येव कदी काय बोलला न्हाई."

दर सालाला देत होता हे यज्ञेश्वरभटांना माहीत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांनी पाहिलं नाही ते ओवळं नसतं, हा त्यांच्या संसाराचा पाया होता, आणि आज त्यांनी पाहिलं होतं. आता माघार घ्यायची कशी? त्यांनी फर्मान सोडलं, की बाकीचं घर पायांनी शाकारावं, पण देवघर आणि स्वयंपाकघर यांवर पाऊल न ठेवता, लांबूनच, बांबूच्या टोकानं कौलं सरकवून बसवावीत.

भैरूनं ते ऐकून घेतलं, डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि शांतपणे शिडी उतरला. "भटजी, ते कौल हाय का वावडी, लांबनं उडवाया? तुमचा पाय सोवळा हाय न्हवं? मग तुमीच चढा," म्हणाला आणि बिबवेवाडीच्या वाटेला लागला. ओटी आणि दोन खोल्या झाकलेल्या, स्वयंपाकघर आणि देवघर उघडं, न्हाणीघराला अजून हातच लागलेला नव्हता, आणि अंगणात कौलांची रास.

वेणूबाईंनी हे सगळं मागच्या दारातून पाहिलं होतं. त्या कमी बोलत. पुण्यात कमी बोलणाऱ्या बाईला लोक गरीब समजत नाहीत, दबकून असतात. "भैरूला बोलावून आणा," एवढंच त्या म्हणाल्या.

"मृगाचं वाहन यंदा गाढव आहे," यज्ञेश्वरभट म्हणाले. नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस ओळखतात. हत्ती किंवा म्हैस आली की धो धो, गाढव आलं की बेताचा. "घाई नाही. त्यालाच गरज पडेल, येईल झक मारत."

"मृगाचं वाहन घरातच दिसतंय मला," वेणूबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

गाढव शब्दाला जागलं. मृगात चार शिंतोडे पडले, धूळ बसण्याऐवजी तिचा नुसता वास उठला आणि आभाळ पुन्हा स्वच्छ झालं. आर्द्रा लागल्या तरी तेच. दुपारी असा वारा सुटे की ताटातल्या भातावर रस्त्यातली माती येऊन बसे. भाजी दिसेनाशी झाली. हौदावर बायकांची भांडणं जुंपू लागली आणि त्यातून तीन पिढ्यांचे उद्धार होऊ लागले. शेवटी श्रीधरपंतांनी चार मंडळी जमवली आणि महादेव कोंडायचं ठरलं.

यज्ञेश्वरभटांनी स्वतःच्या हातानं बोळा बसवला, वर शेणमाती लिंपली. मुठेचं पात्र इतकं आटलं होतं की कळशी आडवी करून भरावी लागे, आणि त्या पाण्यातून गाळ येई, शेवाळ येई, एकदा तर बेडकाचं पोर आलं. ते पोहत पोहत जाऊन पिंडीच्या माथ्यावर बसलं. श्रीधरपंतांनी हा शुभशकुन असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी बेडकालाही नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत पिंड बुडाली. बेडूक भिंतीवर चढला.

आणि काय सांगावं, त्याच संध्याकाळी सिंहगडावर ढग जमले. काळे, भरलेले, खरे ढग. पेठ रस्त्यावर आली. लोक यज्ञेश्वरभटांच्या पाया पडू लागले. ते मान ताठ करून घरी आले तर वेणूबाई चुलीपाशी बसून वर बघत होत्या, जिथे छप्पर असायला हवं होतं तिथे. वर तेच ढग होते.

"गावासाठी देव बुडवलात," त्या म्हणाल्या. "आता घर बुडवा. मी उद्या चूल कुठे पेटवू ते तेवढं सांगून ठेवा."

यज्ञेश्वरभटांनीही वर पाहिलं. तोवर त्यांच्या डोक्यात देऊळ एकीकडे होतं आणि घर एकीकडे. दोन्हींवर आभाळ एकच आहे ही गोष्ट त्यांच्या आत्ताच ध्यानात आली. सरपण भिजणार, पीठ भिजणार, चुलीत तळं साचणार, आणि देवघरात वडिलांनी कोकणातून आणलेले देव गटांगळ्या खाणार. भैरूला आणायला माणूस पाठवला तर त्यानं निरोप दिला, की पेरणी झाल्याबिगर येत न्हाई. आणि पेरणी पाऊस पडल्याशिवाय होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन सारं पुणं डाव्या कुशीवर झालं असताना, यज्ञेश्वरभट देवळात गेले. ही वेळ त्यांनी विचार करून निवडली होती. त्या वेळेला पुण्यात चोरसुद्धा झोपतात. गाभाऱ्यात उतरून त्यांनी पाण्यात हात घातला, महादेवाची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि बोळा सैल केला. पाणी गळू लागलं. पिंडीचा माथा वर आला. बाहेर येऊन पाहतात तो सिंहगडावरचे ढग पांगत होते.

यात वाऱ्याचा काही संबंध असेल असा विचार दुसऱ्या कोणाच्या मनात आला असता. यज्ञेश्वरभट श्रद्धाळू होते. देव बुडवला की पाऊस येतो हे खरं, तर देव वर काढला की पाऊस जातो हेही खरंच असणार. आयुष्यभर ते जे मंत्र म्हणत आले ते असे डोळ्यांदेखत लागू पडलेले त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांना भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोला, थोडी गुदगुलीही होत होती. पेशव्यांच्या फौजांना जे जमत नाही ते आपण दोन बोटांनी करतो आहोत.

मग तो नेमच झाला. सकाळी पेठेनं रांगा लावून पाणी ओतायचं, दुपारी भटजींनी सोडायचं आणि बोळा पुन्हा होता तसा बसवायचा. "दगड शोषून घेतोय," लोक म्हणत आणि आणखी कळशा आणत. बिचारे घामानं निथळत असत. यज्ञेश्वरभट रोज स्वतःला सांगत, की भैरूचा राग निवेल, चार दिवसांत तो येईल, छप्पर झालं की बोळा असा ठोकीन की महादेव हात जोडून वर येईल. चार दिवसांचे आठ झाले, आठांचा पंधरवडा झाला. रस्त्यात एखादी बरगड्या निघालेली गाय दिसली की भटजी दुसऱ्या बाजूनं जात. हौदावर भांडणाऱ्या बायकांचा आवाज आला की कानांवर उपरणं घेत. ही सगळी आपली करणी, असं त्यांना वाटू लागलं. जेवण जाईना. ऋतूंविषयी कुरकुर करणंही त्यांनी सोडून दिलं, तेव्हा वेणूबाईंना खरी काळजी वाटली.

"काय होतंय आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाऊस लांबलाय."

"तो तुमच्यामुळे का लांबलाय?" वेणूबाई सहज म्हणाल्या, आणि भटजींना असा ठसका लागला की पाणी पाजावं लागलं.

अखेर ते स्वतः उठले आणि बिबवेवाडीला निघाले. पर्वतीच्या पायथ्यावरून, आंबील ओढा ओलांडून. ओढ्यात पाणी नव्हतंच, ओलांडायला नुसते दगड होते. बोळा त्यांनी त्या दिवशी, पाणी ओतणारी मंडळी पांगताच, सकाळीच पुरता काढून कनवटीला लावला होता, कारण आपण नसताना ढग आले तर पाणी सोडायला कोण? गावात पोचले तेव्हा भैरू घराच्या ओट्यावर पाभर दुरुस्त करत बसला होता. पाभर म्हणजे पेरणीचं अवजार. ते दुरुस्त करून झालेलंच होतं, तरी तो ते दुरुस्त करत होता. त्याची बायको सोजरबाई जात्याशी बसली होती, आणि तिच्या मांडीशी मातीचं मडकं होतं.

"भैरू, झालं गेलं विसर," यज्ञेश्वरभट म्हणाले. "देवघरावर चढ, हवा तिथे पाय दे. पण दोन दिवस ये."

"कसं येऊ भटजी? ढगाकडं डोळं लावून बसलोय. पाऊस पडला आन मी तुमच्या कौलांवर असलो, तर वाफसा जाईल, पेरणी हुकंल. आदी पेरणी, मग तुमचं छप्पर."

"आधी छप्पर, मग पेरणी!"

"आसं कसं? पाऊस काय तुमच्या हातात हाय?"

उन्हात चालून भटजींचं डोकं तापलं होतं, पंधरा दिवसांचं ओझं मनावर होतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आहे! माझ्याच हातात आहे! तू दोन दिवस ये, तिसऱ्या दिवशी मी पाऊस सोडतो!" आणि त्यांनी कनवटीचा बोळा काढून दाखवला. मग कोंडलेला महादेव, दुपारची वामकुक्षी, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

भैरूचं तोंड उघडंच राहिलं. भटजी शिव्यांची वाट बघू लागले. भैरूच्या शिव्या साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या, आणि त्या खाल्ल्या की आपल्याला हलकं वाटेल असं त्यांना आतून वाटत होतं. पण भैरूनं बायकोकडे पाहिलं. जातं थांबलं. सोजरबाई उठली, पदर सावरला, पुढे आली आणि तिनं यज्ञेश्वरभटांच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"म्हाराज, सोडा की पाऊस," ती म्हणाली. "बियाणाची बाजरी दळाया घेतलीया. आज ही पोटात ग्येली, तर उंद्या पाऊस येऊन बी पेरू काय?"

यज्ञेश्वरभटांनी मडक्यात पाहिलं. तळाशी थोडी बाजरी होती. त्यांच्या पायांना बायकांची डोकी लागणं काही नवीन नव्हतं, तो त्यांचा धंदाच होता. पण हे डोकं त्यांना सहन झालं नाही. तिनं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. घर बुडो, देव बुडोत, चूल वाहून मुठेला मिळो, असं त्यांच्या मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं नुकसान आपणहून पत्करलं.

"दळू नकोस," ते म्हणाले. "मी जातो आणि सोडतो."

आणि ते पळत सुटले. पोट सुटलेला, टाचा फुटलेला, मध्यम वयाचा माणूस, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात बोळा. वाटेत गुराख्यांनी त्यांना हसून घेतलं. त्यांचं लक्ष नव्हतं. आपण महादेवाला माथ्यापर्यंत बुडवू, रात्रंदिवस एकट्यानं कळशा ओतू, पाऊस पडेपर्यंत गाभाऱ्यातून हलणार नाही, असं ते मनाशी घोकत होते. खरोखर ते मनानं त्या वेळी मोठे झालेले होते. अशी वेळ माणसाच्या आयुष्यात फार येत नाही.

आंबील ओढ्यापाशी पहिला थेंब त्यांच्या टकलावर पडला.

त्यांनी वर पाहिलं. ढग केव्हा आले, कुठून आले, काही कळलं नाही. "थांब!" यज्ञेश्वरभट आभाळाकडे बघून ओरडले. "अरे, मी अजून बोळा लावलेला नाही!" आभाळ थांबलं नाही. पाऊस असा कोसळला की ओढ्यातले दगड दिसेनासे झाले. त्यांच्या वडिलांनीसुद्धा त्याला पाऊस म्हटलं असतं. भटजी चिखलात उभे राहून भिजत होते, आणि त्यांना आनंद व्हावा की राग यावा हे ठरत नव्हतं. पंधरा दिवस ते ज्या पापाखाली वाकले होते ते पाप त्यांच्या नावावर नव्हतंच, आणि आता जे पुण्य करायला निघाले होते तेही गेलं. त्यांना राग आला. चांगलाच आला.

देवळात पोचले तर गाभारा कोरडा ठणठणीत होता. तेवढ्यात ढोल वाजवत, चिंब भिजत पेठ आली, पुढे श्रीधरपंत. बोळा काढून देवाला मोकळं करायचं म्हणून सगळे आत डोकावले. पाण्याचा टिपूस नव्हता. भटजींच्या हातात बोळा होता.

"मीच काढला," यज्ञेश्वरभट म्हणाले. लपवायची ताकद उरली नव्हती. "सकाळीच काढला. पाऊस यायच्या आधी."

श्रीधरपंत कारकून होते. कुठल्याही गोष्टीचा अर्थ लावल्याशिवाय ते राहू शकत नसत. त्यांनी बोळ्याकडे पाहिलं, बाहेर पावसाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे पाऊस येणार हे आपणास सकाळीच ठाऊक होतं!" ते म्हणाले. "देवाला उगीच त्रास नको म्हणून आपण आधीच मोकळा केलात!"

"तसं नाही हो. रोजच काढत होतो. घर शाकारलेलं नव्हतं म्हणून."

"काय हा विनय," श्रीधरपंत म्हणाले, आणि साष्टांग पडले. मागोमाग पेठ पडली. चिखलात जागा नव्हती म्हणून काही जण एकमेकांवर पडले.

घरी वेणूबाई देव परातीत घेऊन ओटीवर बसल्या होत्या. स्वयंपाकघरात पाणी घोट्याच्या वर होतं आणि पोळपाट त्यात तरंगत होता. "आलं तुमचं गाढव," त्या म्हणाल्या. दोघं उठून देवळाच्या सभामंडपात राहायला गेले आणि तिथेच तीन दगडांची चूल मांडली. पेठेला वाटलं, भटजी सपत्नीक अनुष्ठानाला बसले. घराघरांतून ताटं येऊ लागली. कोणी विचारी, आज पापड वाळत घालू का. कोणी विचारी, मुंबईस निघालेल्या भावाला घाटात पाऊस लागेल का. यज्ञेश्वरभटांनी पहिल्यांदा खरं सांगून पाहिलं. कोणी ऐकेना, तेव्हा सोडून दिलं. पुढे पुढे तर विचारणाऱ्यापुढे ते डोळे मिटून थोडा वेळ स्वस्थ बसू लागले. ताटात श्रीखंडही येऊ लागलं होतं.

पुनर्वसूत उघडीप पडली आणि एके सकाळी भैरू हजर झाला. न बोलावता. अंघोळ करून, धुतलेलं मुंडासं बांधून आला होता. अंगणात उभा राहून त्यानं हात जोडले. "भटजी, देवघरावर पाय देऊ का? का बांबूनं सरकवू? तुमी म्हणाल तसं."

"दे, दे," भटजी उदारपणे म्हणाले.

भैरू वर चढला. स्वयंपाकघर निम्मं झालं तरी त्याच्या तोंडून एकही तिखट शब्द निघाला नाही. खाली वेणूबाई चूल नव्यानं लिंपत होत्या, आणि कौलांची सावली जशी पुढे सरके तशी त्यांची मुद्रा उजळत होती. भटजी अंगणात पाटावर बसून देखरेख करत होते.

"पेरणी साधली बगा," भैरू वरून म्हणाला. "तुमी गेला आन घटकेत पाऊस. सोजर रोज सांजच्याला तुमच्या नावानं दिवा लावती. पोरांस्नी ताकीद हाय, भटजींना कुनी नावं ठिवायची न्हाईत. पुन्यांदा अडवला तर काय करायचं? म्हून म्हनलं, पयलं छप्पर करून देऊ." तो थांबला. "भटजी, खरं सांगा. तुमी खरंच अडवला व्हता?"

यज्ञेश्वरभटांनी सवयीनं डोळे मिटले. 'हो' म्हणायला काहीच लागत नव्हतं. पेठ मानत होती, बिबवेवाडी मानत होती, छप्परही होत आलं होतं. पण मिटल्या डोळ्यांपुढे ते डोकं आलं, धुळीत टेकलेलं. त्या बाईच्या दिव्याचं तेल आपल्या नावानं जळतंय याची त्यांना लाज वाटली. श्रीखंडाची वाटली नव्हती, तेलाची वाटली.

"नाही रे," ते म्हणाले. "मी पोचायच्या आत पडला तो. माझा बोळा हातातच होता. माझ्यानं काही अडत नाही आणि काही पडत नाही. सोजरबाईला सांग, दिवा लावू नको म्हणावं."

भैरूनं हातातलं कौल खाली ठेवलं. मग त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला.

"म्हंजी मी उगाच भ्यालो," तो म्हणाला. "ऐन खुरपणी सोडून आलो, थंड पान्यानं अंगूळ करून! ऱ्हाऊ द्या मग. उरलेलं दिवाळीनंतर बघू." आणि तो शिडीकडे वळला.

शिडी नव्हती. वेणूबाईंच्या अंगावर स्वयंपाकाचं सोवळं होतं, हात शेणामातीनं भरलेले होते, आणि त्या हातांनी त्यांनी भैरूची शिडी कवटाळून बाजूला ओढून भिंतीला आडवी टाकली होती. यज्ञेश्वरभटांच्या तोंडून "अगं, सोवळं" एवढं बाहेर पडलं आणि उरलेलं त्यांनी गिळलं.

"पाऊस यांच्या हातात नाही, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे," वेणूबाई वर बघून म्हणाल्या. "शिडी माझ्या हातात आहे."

"बाई, आसं काय करता? खुरपणी हाय माझी!"

"मग आटप लवकर. आणि अहो, बसलात काय? कौलं द्या त्याला वर."

सिंहगडाकडून एक करडा ढग निघाला होता. भैरूनं ढगाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, उडी मारायचा विचार केला आणि सोडून दिला. यज्ञेश्वरभटांनी धोतर खोचलं आणि राशीतून कौलं उचलून एकेक वर देऊ लागले. भैरूचे ओले, मातीचे हात त्यांच्या हातांना लागत होते आणि कोणालाच काही म्हणायला सवड नव्हती. स्वयंपाकघर झाकलं गेलं, देवघर झाकलं गेलं. शेवटचं कौल बसतंय तोच भुरभुर सुरू झाली. भैरूनं कपाळ पुसलं, कडेला येऊन बसला आणि जरा नरमाईनं म्हणाला, "झालं बाई. आता लावा शिडी."

वेणूबाई घरात गेल्या, नव्या छपराखाली उभ्या राहून त्यांनी वर नीट पाहून घेतलं, कोपरान् कोपरा तपासला आणि परत अंगणात आल्या. भैरू पावसात पाय सोडून बसला होता. भटजी शिडीला हात घालून, त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"आणि न्हाणीघर?" वेणूबाईंनी विचारलं.